जुन्या पिकअपचा ईजीआर आणि पीयूसीला न दिसणारे प्रदूषण

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नारायणगाव, ओतूर, मंचर, चाकण या पट्ट्यातील भाजीपाला आणि फळे बाजार समितीपर्यंत पोहोचवण्याचे काम मुख्यतः छोट्या पिकअप गाड्या करतात, आणि त्यातील पुष्कळ गाड्या आता आठ-दहा वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झालेल्या आहेत. नवी गाडी परवडत नाही म्हणून मालक जुन्याच गाडीवर खर्च करतो, इंजिनाचे काम काढतो, पाटे बदलतो आणि आणखी काही वर्षे तिच्यावर संसार चालवतो. यात गैर काही नाही; चांगली गाडी भंगारात जाण्यापेक्षा दुरुस्त होऊन चालावी, असेच माझे मत आहे. मात्र या दुरुस्तीच्या जोडीने गॅरेजमध्ये दोन कामे सर्रास होऊ लागली आहेत. ईजीआर व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंजिनाचा थोडा धूर परत आत घेणाऱ्या झडपेच्या, तोंडाशी पत्र्याची चकती बसवून तो कायमचा बंद केला जातो आणि सायलेन्सरच्या आधी असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून त्या जागी सरळ नळी जोडली जाते. मी आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल हा व्यवसाय अनेक वर्षे शिकवला असून ही कामे करणाऱ्यांमध्ये माझे काही विद्यार्थीही आहेत. त्यांची किंवा मालकांची मानहानी करण्याचा माझा हेतू नाही. हे काम का होते, त्याने नेमके काय बिघडते आणि आपल्या तपासणीत ते का सापडत नाही, हे वाचकांसमोर आणि परिवहन खात्यासमोर स्पष्टपणे यावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान फार वाढले की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती रोखण्यासाठी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा थोडा भाग पुन्हा आत घेतला जातो. त्या वायूत ऑक्सिजन कमी असल्याने ज्वलन काहीसे मंद होते, तापमानाचा कळस खाली येतो आणि घातक वायू कमी बनतो. ईजीआरचे काम एवढेच आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम वेगळे आहे: त्याच्या जाळीवरील प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे ऑक्सिडेशन पूर्ण होते. सुमारे १७६० किलोंपेक्षा जास्त संदर्भ वजनाच्या (चाचणीसाठी धरल्या जाणाऱ्या वजनाच्या) आणि मालासह साडेतीन टनांच्या आतील डिझेल मालवाहू गाडीला बीएस-३ (भारत स्टेज) प्रदूषण मानकांमध्ये किलोमीटरमागे ०.७८ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा होती. बीएस-४ मध्ये ती ०.३९ ग्रॅम झाली आणि बीएस-६ मध्ये ०.१२५ ग्रॅम. हे आकडे कागदावर उतरले त्यात ईजीआरचा वाटा मोठा आहे. तो बंद केलेली बीएस-४ गाडी आरसी बुकात बीएस-४ राहते, रस्त्यावर मात्र राहत नाही.

मालकांची तक्रार खोटी आहे, असे कोणी म्हणू नये. परत आत जाणाऱ्या वायूतली काजळी आणि इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर साचतो, व्हॉल्व्ह अडकतो, आणि तो अर्धवट उघडा अडकला तर गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते, अॅव्हरेज घसरते. माल नाशवंत असतो, भाडे ठरलेले असते, आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर हप्ता चुकतो. अशा वेळी नवा व्हॉल्व्ह घेण्याऐवजी चकती बसवून तासाभरात गाडी सोडणारा मिस्त्री मालकाला देवासारखा वाटला तर त्यात नवल नाही. जुन्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ईजीआरला ही चकती पुरते. संगणकाच्या हुकमावर इंधन सोडणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनात हवेच्या मोजमापात फरक पडल्याचे ईसीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, लक्षात येते आणि दिवा लागतो, म्हणून तिथे लॅपटॉप जोडून सॉफ्टवेअरही बदलले जाते आणि त्याच ओघात इंधनाचे प्रमाणही वाढवून दिले जाते.

‘ईजीआर बंद केल्यावर गाडी घाटात चांगली ओढते’ या समजुतीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सगळा व्यवहार याच समजुतीवर उभा आहे. ईजीआर मुख्यतः कमी आणि मध्यम भारावर चालतो. भरलेली गाडी माळशेज किंवा खंबाटकी चढताना चालक पेडल पूर्ण दाबतो, तेव्हा इंजिनाला मिळेल तेवढी ताजी हवा हवी असते आणि त्या वेळी व्हॉल्व्ह बंदच असतो. याचा अर्थ असा की, ज्या चढावर ताकद वाढल्याचे सांगितले जाते, त्या चढावर निरोगी ईजीआर मुळात आड येतच नाही. मग फरक का जाणवतो? अडकलेला व्हॉल्व्ह बंद झाला, त्याच वेळी मॅनिफोल्ड धुतले गेले, एअर फिल्टर बदलला, टर्बोच्या नळीची गळती थांबली, याचा तो परिणाम असतो. व्हॉल्व्ह साफ करून पुन्हा बसवला असता तरी गाडी तशीच ओढली असती. कन्व्हर्टरचेही तेच आहे. डिझेल गाडीतील त्याची जाळी आरपार असल्याने, ती तुंबलेली नसेल तर वायूला फारसा अडथळा करत नाही. आणि ती तुंबते ती इंजिन तेल जाळत असल्यामुळे किंवा इंजेक्टर थेंब टाकत असल्यामुळे. जाळी काढून टाकली की मूळ आजार तसाच राहतो, फक्त त्याची खूण नाहीशी होते. इंधन वाढवून दिलेल्या गाडीची गोष्ट आणखी वाईट असते, कारण एक्झॉस्टचे तापमान वाढून त्याचा मार टर्बो आणि पिस्टनला बसतो आणि जुन्या क्लचप्लेटचा तर लवकरच निकाल लागतो.

आता पीयूसीकडे वळतो. आपल्याकडे डिझेल गाडीची पीयूसी तपासणी म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून अॅक्सिलरेटर झटक्यात दाबायचा आणि नळीतून येणाऱ्या धुराची घनता मोजायची. बीएस-४ पूर्वीच्या गाडीला ६५ हार्टरिज एककांची आणि बीएस-४ गाडीला ५० एककांची मर्यादा आहे. या चाचणीत नायट्रोजन ऑक्साइडे मोजली जात नाहीत. डिझेल गाडीचा कार्बन मोनॉक्साइडही मोजला जात नाही. हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत आणि धूर मोजणाऱ्या यंत्रालाही दिसत नाहीत. त्यातून ईजीआर बंद केल्यावर ज्वलनाला ऑक्सिजन जास्त मिळतो, काजळी कमी होते, आणि नळीतून येणारा धूर पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागतो. मालक प्रामाणिकपणे समजतो की गाडी सुधारली. पीयूसी केंद्र त्याला तसे प्रमाणपत्र देते. आणि प्रत्यक्षात त्याच गाडीतून नायट्रोजन ऑक्साइडे कितीतरी अधिक बाहेर पडत असतात. एखादा नियम मोडल्यावर शासनाच्याच चाचणीत गाडी अधिक चांगली ठरावी, ही स्थिती मला अत्यंत चिंताजनक वाटते, आणि या पत्राचे मुख्य कारणही तेच आहे.

हा वायू शहरापुरता त्रासदायक आहे, असे मानू नये. नायट्रोजन डायऑक्साइडने श्वासनलिका सुजतात, दम्याचा त्रास बळावतो, आणि हवेत गेल्यावर त्यापासून नायट्रेटचे सूक्ष्म कणही बनतात. आपल्या देशात त्याचे वार्षिक सरासरी मानक घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःचे मार्गदर्शक मूल्य १० पर्यंत खाली आणले. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या गटात टाकले. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, हवा मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सोलापूर ही आपलीच शहरे आहेत. शेतकरी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नायट्रोजन ऑक्साइडे आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो वाऱ्याबरोबर शहराबाहेर पसरतो आणि गहू, सोयाबीन यांसारख्या पिकांच्या पानांना इजा करून उत्पादन घटवतो. शिवाय या गाड्या पहाटे बाजार समितीच्या आवारात इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभ्या असतात, आणि तो वायू सर्वांत आधी हमालाच्या, तोलणाऱ्याच्या आणि स्वतः चालकाच्या छातीत जातो.

असे बदल वाढत गेले की काय होते, याचा हिशेब अमेरिकेत झालेला आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये जाहीर केले की, आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषण नियंत्रक साधने काढली गेली होती आणि त्यांतून जादा बाहेर पडणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडांचा विचार करता रस्त्यावर आणखी ९० लाख गाड्या आल्यासारखे झाले होते. त्या गाड्या आपल्या पिकअपपेक्षा बऱ्याच मोठ्या असतात आणि त्यांतील अनेकांचे मालक हौसेखातर हे करतात, हा फरक मान्य करूनही प्रमाण समजण्यास हा आकडा पुरेसा आहे. आपल्याकडेही हा विषय नवा नाही. चाचणीच्या वेळी एक आणि रस्त्यावर दुसरे वागणारे सॉफ्टवेअर बसवल्याबद्दल २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनी जगभर अडचणीत आली, तेव्हा वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय संस्थेने येथील गाड्यांची तपासणी केली आणि कंपनीला भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. तिथे वाढलेला वायूही नायट्रोजन ऑक्साइडच होता. बड्या कंपनीने केले तर जो अपराध ठरतो, तो गल्लीतल्या गॅरेजमध्ये झाला तर निरुपद्रवी कसा ठरेल?

कायदा याबाबत गप्प नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अवैध बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मात्र या तरतुदीचे बोट थेट मालकाकडे आहे. ज्याने चकती बसवली, ज्याने सॉफ्टवेअर विकले, आणि ज्याने कापलेला कन्व्हर्टर स्वतःकडे ठेवून घेतला, तो बहुतेक वेळा नामानिराळा राहतो. त्या कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम गटाच्या धातूंना भंगार बाजारात चांगली किंमत येते, हे मालकाला सहसा सांगितले जात नाही. गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून चोरीला जाण्याच्या बातम्या आपण वाचतो त्या याच धातूंपायी. आपल्या गाडीतली मौल्यवान वस्तू देऊन वर मजुरीही मोजायची, असा हा सौदा आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी आजही सांगतो की, जुनी पिकअप खरोखर सुधारायची असेल तर इंजेक्टर बेंचवर तपासून घ्यावेत, टर्बोच्या नळ्या आणि इंटरकूलर यांची गळती पाहावी, ईजीआर व्हॉल्व्ह, त्याचा कूलर आणि मॅनिफोल्ड उतरवून स्वच्छ करावे, आणि थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर तो परत बसवावा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याने इंजिन योग्य तापमानाला येत नाही आणि काजळी वाढते, मग ईजीआरला शिव्या बसतात. ब्रेक, स्टिअरिंगचे जोड आणि टायर यांवर केलेला खर्च तर कोणत्याही ट्यूनिंगपेक्षा अधिक उपयोगी असतो, विशेषतः पाटे वाढवून क्षमतेपेक्षा जास्त माल भरला जातो तेव्हा. ज्यांना याहून मोठा बदल हवा आहे त्यांना मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून, आरसी बुकात नोंद करून आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी सांभाळून तो करता येतो. एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) गंधकाचे डिझेल मिळते आहे, जे बीएस-३ च्या काळात ३५० पीपीएमपर्यंत असे. गंधकाने कन्व्हर्टर निकामी होण्याची जुनी सबब त्यामुळे उरलेली नाही.

परिवहन खात्याला माझी विनंती अशी की, आठ वर्षांवरील मालवाहू गाडी दरवर्षी पासिंगला येतेच, तेव्हा तिचे बॉनेट उघडून ईजीआरची नळी, व्हॉल्व्ह आणि कन्व्हर्टर जागेवर आहेत की नाहीत हे नुसते पाहावे आणि अर्जात तशी नोंद करावी. याला महागडे यंत्र लागत नाही, प्रशिक्षित माणसाची काही मिनिटे लागतात. ज्या गाड्यांना ओबीडी सॉकेट (यंत्राने गाडीतले दोष वाचण्याची खोबण) आहे त्यांचे स्कॅनिंगही त्याच वेळी व्हावे, कारण बीएस-६ गाड्यांतील डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काढण्याचे प्रकार पुढे याच वाटेने येणार आहेत. नायट्रोजन ऑक्साइडे मोजणारी चाचणी मोठ्या केंद्रांवर टप्प्याटप्प्याने सुरू करता येईल; तोवर डोळ्यांनी पाहणे थांबवण्याचे कारण नाही. अवैध बदल करून देणाऱ्या आणि त्याची जाहिरात करणाऱ्या गॅरेजवरही जबाबदारी येईल, अशी स्पष्ट तरतूद व्हावी. आणि ज्या मालकांनी अजाणतेपणी हे करून घेतले आहे, त्यांना मूळ साधने परत बसवण्यासाठी काही महिन्यांची दंडमुक्त मुदत द्यावी. तालुक्यातालुक्यांत आयटीआयच्या कार्यशाळा आहेत, तेथे शिकणारी मुले आहेत आणि त्यांना प्रत्यक्ष कामाची गरज असते. बाजार समित्यांनी पुढाकार घेतला आणि हंगाम नसलेल्या महिन्यांत तेथे केवळ सुट्या भागांच्या खर्चात ईजीआर सफाईची शिबिरे भरवली, तर शिकवायला येण्याची माझी तयारी आहे आणि माझ्यासारखे आणखी काही निवृत्त निदेशकही येतील, याची मला खात्री आहे.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त निदेशक (मेकॅनिक डिझेल),
जुन्नर तालुका, जि. पुणे