ईशाच्या ट्रान्सफरबद्दल

प्रिय सुनील,

ईशा डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात लागली आणि दोन वर्षांनी कॉम्प्युटर सायन्ससाठी यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, ट्रान्सफर घेऊन जायचं म्हणते, हे कळल्यावर फार बरं वाटलं. त्यासाठी लागणारी नव्वद युनिटं (विषयांची क्रेडिटं) कशी भरायची असं तू विचारलंस. ती भरतात रे. (डी अँझा क्वार्टरवर, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सत्रांवर, चालतं म्हणून नव्वद, सेमिस्टरच्या कॉलेजात तीच साठ.) मुलं अडकतात ती मेजरच्या (पदवीच्या मुख्य शाखेच्या) विषयांच्या क्रमात, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

तिला आजच असिस्ट डॉट ऑर्ग ही वेबसाइट उघडायला सांग. डी अँझा, हवा तो यूसी कॅम्पस आणि मेजर निवडलं की तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाने भागतो ते समोरासमोर दिसतं. नीट बघा: कधी इथले दोन-तीन विषय एकत्र जोडलेले असतात आणि त्यांच्यासमोर तिथलेही जोडीने. त्यातला एक राहिला तर तिथला विषय भागत नाही. अशी मालिका अर्धी इथे, अर्धी दुसऱ्या कॉलेजात करू नये. मनात असतील तेवढ्या कॅम्पसचे तक्ते छापून शेजारीशेजारी ठेवा, कारण प्रत्येकाची मागणी वेगळी असते.

आता गणित. इथे कॅल्क्युलसच चार क्वार्टर चालतं, आणि कॉम्प्युटर सायन्सला बहुतेक ठिकाणी त्यापुढे लिनियर अल्जिब्राही लागतं. उन्हाळे सोडले तर दोन वर्षांत क्वार्टर मिळतात सहा. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात करावी लागली तर पहिला उन्हाळा गणितालाच द्यावा लागेल. शेवटच्या उन्हाळ्यावर मात्र विसंबू नका. फॉलमध्ये (शरदातल्या सत्रात) यूसीत जायचं तर नव्वद युनिटं आणि आवश्यक विषय त्याआधीच्या स्प्रिंगअखेर (वसंतातल्या सत्राअखेर) संपलेले हवेत. इंग्रजी कॉम्पोझिशनचे दोन विषय तर पहिल्याच वर्षी उरकून टाकावेत.

टॅग, म्हणजे खात्रीच्या प्रवेशाचा करार, सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. अर्ज फक्त सप्टेंबरमध्ये, आणि एकाच कॅम्पसला. तोवर साधारण पंचेचाळीस युनिटं झालेली लागतात, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ग्रेडवरच सगळं ठरतं. कॉम्प्युटर सायन्सला काही कॅम्पस टॅग देतच नाहीत, तेव्हा त्या वर्षीचा तक्ता वाचल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नका. आणि टॅग मिळाला म्हणजे अर्ज झाला असं नाही! ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये यूसीचा मुख्य अर्ज त्याच कॅम्पसला, त्याच मेजरसाठी भरावाच लागतो. हे न केल्याने हातचा प्रवेश जातो.

त्या अर्जात प्रत्येक विषय आणि ग्रेड स्वतः भरायची असते. हायस्कूलमध्ये असताना कुठल्या कॉलेजात एखादा विषय केला असेल, तर तोही दाखवायचा, डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याची नोंद) मिळाला असला तरी. ट्रान्सक्रिप्टं (कॉलेजांच्या अधिकृत गुणपत्रिका) नंतर तपासतात. तेव्हा लपलेलं कॉलेज सापडलं तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. सी मिळालेला विषय ग्रेड सुधारायला पुन्हा करण्यात अर्थ नाही, यूसी ती नवी ग्रेड धरत नाही. डी किंवा एफ असेल तरच पुन्हा करावा.

अर्जात लेखी उत्तरं द्यायचे प्रश्न चार, उत्तर प्रत्येकी साडेतीनशे शब्दांपर्यंत. ट्रान्सफरवाल्यांना एक सक्तीचा असतो: मेजरसाठी काय तयारी केली? तिथे गुणांची यादी नको, ईशाने लिहिलेल्या एखाद्या प्रोग्रॅमबद्दल नीट सांगावं. ते तिने स्वतःच लिहावं, आपण हात लावायचा नाही.

जानेवारीत फॉलच्या ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय यूसीला कळवायचे असतात. ते विसरू देऊ नकोस. स्प्रिंगमध्ये एखादा विषय सोडायची वेळ आली, तर सोडण्याआधी कौन्सेलरशी बोलायचं आणि यूसीलाही लगेच कळवायचं.

या क्वार्टरला तिने कुठले विषय घेतलेत ते कळव, गणिताची पातळीही लिही. पुढच्या सहा क्वार्टरांचा आराखडा आपण एकत्र बसून करू.

तुझा,
मिलिंद