सार्डिनियाचा पश्चिम किनारा आखून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आम्ही सर्व जण सांगलीस सुखरूप पोहोचलो असून आपले आभार फोनवर घाईघाईने मानण्यापेक्षा रीतसर लिहून मानावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण एवढेच की, आपण दिलेला सल्ला सार्डिनिया या इटलीच्या बेटावर गाडीने फिरू इच्छिणाऱ्या इतर मराठी कुटुंबांच्याही उपयोगी पडावा. आपली आणि आमची ओळख ती काय, तर आपण माझ्या आतेबहिणीच्या मैत्रीण. तेवढ्याशा ओळखीवर आपण त्या बेटाच्या राजधानीतील, काल्यारीतील, आपली नोकरी आणि घर सांभाळून, संध्याकाळी नकाशा पुढ्यात घेऊन आमच्याशी बोलत राहिलात, याचे मोल आम्ही जाणतो.

आम्ही पाठवलेल्या आराखड्यात आठवड्याभरात संपूर्ण सार्डिनियाला प्रदक्षिणा घालण्याचा बेत होता. तो वाचून आपण विचारलेत, ‘‘यात समुद्रात उतरायचे केव्हा?’’ बेटाचा किनारा सुमारे १८५० किलोमीटरचा आहे, तेथे टोलचा एकही द्रुतगती मार्ग नाही आणि किनाऱ्याचे रस्ते इतके वळणांचे आहेत की अंतर किलोमीटरांत न मोजता तासांत मोजावे, हे समजावून सांगत आपण पूर्व किनारा सबंध खोडून टाकलात. तिकडचा कोस्ता स्मेराल्दा हा धनिकांचा प्रसिद्ध किनारा गाळल्याचे माझ्या पत्नीला थोडे लागले. मला विशेष वाईट वाटले नाही, कारण श्रीमंतांच्या बोटी पाहण्यासाठी इतक्या दूर जावे असे मला मुळातच वाटत नव्हते.

उरलेल्या पश्चिम किनाऱ्याची आखणी आपण ज्या क्रमाने केलीत, त्याचे मर्म प्रत्यक्ष गाडी हाती आल्यावर कळले. काल्यारीत गाडी ताब्यात घेऊन पहिल्याच दिवशी एस. एस. १३१ या आतल्या महामार्गाने थेट उत्तरेला जायचे, आणि मग वायव्येच्या आल्गेरो या शहरापासून किनाऱ्याने सावकाश दक्षिणेकडे उतरत पुन्हा काल्यारी गाठायची. गाडी घेतली तेथेच परत केल्यामुळे दुसऱ्या शहरात सोडण्याचा अधिभार वाचला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे येताना समुद्र सतत आपल्याच हाताला राहतो आणि एखाद्या वळणावर थांबावेसे वाटले, तर समोरून येणारी वाहने ओलांडावी लागत नाहीत. डावीकडून गाडी चालवण्यात उभी हयात गेलेल्या माझ्यासारख्याला याचा केवढा आधार वाटला, हे आल्गेरो ते बोसा या रस्त्यावर समजले. सुमारे पंचेचाळीस किलोमीटरच्या त्या टप्प्यात वस्ती जवळपास नाहीच. म्हणून आल्गेरोतच टाकी भरून घ्या, ही आपली सूचना आम्ही तंतोतंत पाळली. पंपावर ‘सेल्फ’ (स्वतः भरणे) आणि ‘सेर्वितो’ (कर्मचाऱ्याने भरून देणे) असे दोन वेगवेगळे दर असतात आणि डिझेलला ‘गासोलियो’ म्हणतात, हे आधीच ठाऊक असल्याने तेथे खोळंबा झाला नाही.

कागदपत्रांबाबतही आपण बारकाईने विचारणा केलीत. आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घेतला, तो मूळ परवान्यासोबत बाळगला, आणि अनामत रकमेसाठी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड ठेवले. काउंटरवर या तिन्ही गोष्टी मागितल्या गेल्या. जुन्या शहरांच्या वेशीवर लाल वर्तुळाचा फलक आणि त्याखाली ‘वार्को अत्तिवो’ (प्रवेशबंदी चालू) ही अक्षरे दिसली की आत शिरायचे नाही, कारण तेथील कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते, हे आपण सांगितले नसते तर दिशादर्शक ॲपने आम्हाला सरळ आत नेले असते.

माझ्या मते आपल्या आखणीतील सर्वांत शहाणी गोष्ट वाऱ्याची होती. माएस्त्राले हा वायव्येचा वारा सुटला की पश्चिम किनाऱ्यावर लाटा उसळतात. म्हणून आपण मुक्काम ठरवून दिलेत, पण कोणत्या दिवशी काय पाहायचे हे मोकळे ठेवलेत. आल्गेरोजवळच्या कापो काच्चा येथील नेपच्यूनच्या गुहेत पायऱ्यांनी उतरायचे तर त्या ६५४ आहेत. आईच्या गुडघ्यांना ते शक्यच नव्हते, आणि बंदरातून जाणारी बोट समुद्र शांत असेल तरच सुटते. त्यामुळे आल्गेरोत उतरताच हवामान पाहून आम्ही प्रथम गुहाच उरकली. पुढे काब्रासला वारा सुटला, तेव्हा समुद्राचा नाद सोडून आम्ही तेथील संग्रहालयात मोन्त ए प्रामा येथील प्राचीन पाषाणयोद्धे पाहत बसलो. १९७४ मध्ये शेतात सापडलेल्या या पुतळ्यांचे डोळे म्हणजे एकात एक कोरलेली दोन वर्तुळे आहेत. आई त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होती. समुद्रापेक्षा तेच तिला अधिक आवडले असावेत. ईस आरुतासच्या किनाऱ्यावरील तांदळाएवढे गारगोटीचे कण मुलाने मुठीत घेतले, तेव्हा वाळू नेल्यास ५०० ते ३००० युरोंपर्यंत दंड होतो, हे आपले वाक्य त्याला ऐकवून मूठ तेथेच रिकामी करवली.

मासुआचे पोर्तो फ्लाविया हे खाणीचे कड्यात कोरलेले जुने बंदर आपण आग्रहाने यादीत घातलेत आणि त्याचे आरक्षण आधीच करायला लावलेत, याबद्दल वेगळे आभार. खाणीतील खनिज पूर्वी टोपल्यांतून माणसांच्या खांद्यावरून होड्यांत चढवले जाई. १९२४ मध्ये चेझारे वेचेल्ली या अभियंत्याने कडा आरपार पोखरून ते थेट जहाजात उतरवण्याची सोय केली आणि त्या बंदराला आपल्या मुलीचे नाव दिले. त्या भोकातून समोर पान दि झुक्केरो हा १३३ मीटर उंचीचा खडक दिसतो. मी स्वतः कारखान्यात कन्व्हेअरची देखभाल करीत आलो असल्यामुळे तेथून माझा पाय निघेना, आणि घरच्यांना ताटकळावे लागले.

आईच्या जेवणाची काळजी तर आपण आमच्याहून जास्त केलीत. कुलुर्जोनेस या तिकडच्या भरलेल्या पास्त्याची मुरड अगदी करंजीसारखी दिसते आणि आत बटाटा व पुदिना असतो. पण त्यातील पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचे चीज प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे जठरातून काढलेल्या विरजणाने, विरजलेले असते, हे आपण आधीच स्पष्ट सांगितल्यामुळे तिने काय खायचे ते स्वतः ठरवले. ती ‘पाने काराझाऊ’ ही पातळ कुरकुरीत भाकरी, टोमॅटो आणि सोबत नेलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर समाधानी राहिली. कुलुर्जोनेस आम्ही खाल्ले, आणि ते उत्तम होते.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब येत्या मे महिन्यात तिकडे जाणार आहे. आपली हरकत नसल्यास आपली टिपणे त्यांना देईन. नवे प्रश्न मात्र त्यांनी आधी मला विचारावेत, असे त्यांना बजावले आहे. आपण भारतात याल तेव्हा सांगलीस अवश्य यावे. हळद आणि बेदाणे काढून ठेवले आहेत, तेव्हा येताना बॅगेत जागा ठेवावी, ही विनंती.

आपला स्नेहांकित,
आतेबहिणीकडून ओळख झालेला सांगलीचा भाऊ