शेऱ्याच्या रकान्याचे आभार : प्रयोगशाळेतील ताईंना जाहीर पत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासाचा अहवाल अखेर पूर्ण झाला. अशा अहवालात आभारासाठी शेवटी एक परिच्छेद असतो आणि त्यात आपले नाव इतर नावांच्या गर्दीत कुठेतरी बसवले जाते. आपल्या कामाशी हे प्रमाण जुळत नाही, आणि प्रमाणे तपासणे हाच माझा पोटापाण्याचा व्यवसाय असल्यामुळे हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि तळोदा तालुक्यांच्या पाड्यांवरून जांभळ्या टोपणाच्या रक्ताच्या नळ्या येत आणि त्या सगळ्या आपल्या हाताखालून जात. सिकलसेलचे मूळ खरे तर एका अक्षराएवढे आहे. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचे जे जनुक आहे, त्यात एका ठिकाणी डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'ए'च्या जागी 'टी' येतो. असे जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही मिळाले, की प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. पण दोष तोच असूनही एकाला वारंवार कळा येतात आणि दुसऱ्याला त्या मानाने त्रास कमी होतो. याचे एक कारण ठाऊक आहे : गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन काहींच्या रक्तात मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते. आणखी कारणे शोधायची, तर सुमारे 300 कोटी अक्षरांच्या जनुकसंचात इतरत्रही डोकावणे भाग पडते.

इथे माझ्यासारख्यांची गंमत सुरू होते. प्रत्येक माणसाच्या जनुकसंचात 10 लाख जागा तपासल्या आणि नेहमीची पाच टक्क्यांची कसोटी (योगायोगाने शंभरात पाच वेळा फसलो तरी चालेल, अशी) लावली, तर काहीही दडलेले नसताना निव्वळ योगायोगाने 50 हजार 'शोध' लागतात. म्हणून या क्षेत्रात कसोटी 10 कोटींत 5 इतकी कडक ठेवतात. मात्र ही कसोटी योगायोगापासून वाचवते, पक्षपातापासून नाही. जानेवारीतल्या नळ्या एका किटने (तपासणीच्या रसायनांच्या संचाने) आणि मे महिन्यातल्या दुसऱ्या किटने तपासल्या गेल्या असतील, तर तो फरक कितीही कडक कसोटी हसतहसत पार करतो.

आमच्या पहिल्याच आलेखात, जिथे प्रत्येक माणसाचा एक ठिपका असतो, ठिपक्यांचे दोन स्वच्छ झुबके पडले. खोलीतल्या तरुण मंडळींचे डोळे चमकले; बहुधा शोधनिबंधाचे शीर्षकही कोणाच्या मनात तयार झाले असावे. मी आपले रजिस्टर मागवले. निळ्या बॉलपेनने आखलेले रकाने, शेवटचा रकाना 'शेरा', आणि त्यात बारीक अक्षरात नोंदी : 'टोपण सैल', 'रक्त कमी', 'दुपारी 2 ते 5 लाईट नव्हती', 'आजपासून नवीन किट'. झुबके तालुक्यांचे नव्हते, किटचे होते.

एवढे कळले तरी एरवी फार उपयोग झाला नसता. आधी सगळा धडगाव आणि नंतर सगळा तळोदा असा क्रम असता, तर किटचा फरक कुठे संपतो आणि तालुक्याचा कुठे सुरू होतो, हे सांगणारे कोणतेही गणित नाही. आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक रोनाल्ड फिशर यांनी 1938 मध्ये कोलकात्याच्या सांख्यिकी परिषदेत सुनावले होते की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे बहुतेक वेळा शवविच्छेदन करवून घेणे. आपण मात्र दोन्ही तालुक्यांच्या नळ्या रोज मिसळून लावल्या होत्या. कारण विचारले तेव्हा आपण म्हणालात, "एकाच तालुक्याच्या आधी लावल्या, तर दुसऱ्याच्या उन्हाळाभर पडून राहतील, आणि आपल्याकडच्या लाईटीचा काय भरवसा?" प्रयोगाच्या आखणीवर मी वर्षानुवर्षे तासिका घेतो, इतके नेमके कारण मला कधी देता आले नाही.

नात्यांच्या नोंदींचे ऋण वेगळेच आहे. रावेरकडच्या बागेत टिश्यू कल्चरची हजार केळी मोजली, तरी ती सारी एकाच वाणाची नक्कल असल्यामुळे जनुकांच्या हिशेबात ते जवळजवळ एकच झाड ठरते. पाड्यावर इतके टोक गाठले जात नाही, पण भाऊबंदकी असतेच, आणि सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा वारसा सामाईक असतो. ते विसरून प्रत्येकाला सुटा मोजले, तर आपली खात्री फुकट फुगते. आपण शेऱ्यात 'हिचा भाऊ वरच्या ओळीत' असे लिहून ठेवले होते. त्या नोंदी आम्ही जनुकांनी सांगितलेल्या नात्यांशी ताडून पाहिल्या आणि नळ्यांची अदलाबदल झालेली नाही, याची खातरजमा झाली. (अशा पडताळणीत एखाद्या घरातली भलतीच गोष्टही उघड होऊ शकते. तिथे संख्याशास्त्रज्ञाने मुकाट बसावे, असे माझे ठाम मत आहे.)

हे सगळे थेट संगणकात का भरले नाही, असा प्रश्न एका साहेबांनी केला होता. त्यांना मी एक्सेल या स्प्रेडशीटची हकीकत ऐकवली : 'सेप्ट 2', 'मार्च 1' अशा जनुकांच्या नावांना ती तारखा समजून परस्पर बदलत असे. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असे घोटाळे असल्याचे 2016 मध्ये दाखवले गेले, आणि 2020 पर्यंत नामकरण समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली. सॉफ्टवेअरची खोड मोडण्यापेक्षा माणसाच्या जनुकांचे पुन्हा बारसे करणे सोपे पडले! साहेबांनी पुढे तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर पुढच्या नळ्या येऊ लागतील. त्यासाठी नवीन रजिस्टर छापून घेतले असून ते सोबत पाठवत आहे. त्यात शेऱ्याचा रकाना पूर्वीच्या तिप्पट रुंद ठेवला आहे, आणि किटच्या बॅच क्रमांकासाठी स्वतंत्र जागा केली आहे. आणखी काही रकाने हवे असल्यास कृपया कळवावे. छापखान्यातला मजकूर अजून मोडलेला नाही.

आपला कृतज्ञ,
अभ्यासाचा संख्याशास्त्रज्ञ,
जळगाव