काका, "उपयोग काय" असं एकदाही न विचारल्याबद्दल थँक्यू

काका, पैसे तर तुम्ही घेतलेच नाहीत. कंडेन्सरचे काय झाले तेवढे घेतलेत, मजुरीचं विचारलं तर "बस की, चहा घे" म्हणून विषय बदललात, आणि मी आणलेलं भडंगाचं पाकीट पण निम्मं मलाच खायला लावलंत. मग आभार मानायचे कसे, म्हणून म्हणलं लिहूनच टाकतो, सगळ्यांसमोर. मोबाईलवर एवढं लांबलचक तुम्ही वाचणार नाही ते माहितेय मला, सूनबाईंना सांगतो वाचून दाखवायला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका म्हणजे आमच्या सांगलीतले रेडिओ-टीव्ही रिपेअरवाले, त्यांनी माझा जुना पीसी परत चालू करून दिला. आमच्याकडं 1999 चा एक असेंबल्ड पीसी आहे, सेलेरॉन 300ए, 440बीएक्स चिपसेटचा बोर्ड, 64 एमबी रॅम, विंडोज 98. एमएस-सीआयटी यायच्या आधीची गोष्ट ही, दादांनी सोसायटीचं कर्ज काढून पोराच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेला आणि पोरानं त्यावर डेव्ह, प्रिन्स आणि एनएफएस (नीड फॉर स्पीड) हे गेम खेळत शिक्षण पूर्ण केलं. नंतर तो माळ्यावर गेला. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 45 ला धोक्याची पातळी असते म्हणजे विचार करा, गावभागात आमच्या खालच्या खोलीतलं काहीच राहिलं नाही, मॉनिटर खाली होता तो पण गेला. माळ्यावर होतं म्हणून सीपीयूचं डबडं तेवढं वाचलं.

हे परत चालू करायचं डोक्यात आलं तेव्हा ज्याला सांगेन तो एकच विचारायचा, उपयोग काय? घरात विचारलं, ऑफिसात विचारलं, एका दुकानात तर पोरानं कॅबिनेट न उघडताच भंगारात किती येतील ते सांगितलं. मित्र म्हणाला डॉसबॉक्स टाक लॅपटॉपवर, जुने डॉस गेम चालवायचं सॉफ्टवेअर, सगळे गेम चालतात. चालतात की, मी पण चालवलेत, त्याचं काही चुकीचं नाही. पण मला गेम नको होते नुसते, मला हेच मशीन चालू झालेलं बघायचं होतं, आणि हे कुणाला सांगितलं की समोरचा असा बघतो जसं काय आपण बैलगाडीला एसी बसवायला निघालोय.

तुम्ही काय विचारलंत? "पंखा फिरतोय का?" एवढंच. फिरतोय म्हणलं तर "मग मेलं नाही, ठेव हितं."

आणि पहिल्यांदाच सांगितलंत, "मला कॉम्प्युटरमधलं काय कळत नाही, व्होल्टेज कळतं." गणपती पेठेत आयुष्यभर रेडिओ-टीव्ही रिपेअर केलेला माणूस असं सरळ बोलतो हे मला लै आवडलं, कारण त्याआधी ज्यांना सगळं कळतं असे बरेच भेटले होते.

आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, बोर्डापासून सोडवला, हिरवी वायर काळीला जोडून चालू केला, आणि 12 व्होल्टवर गाडीचा बल्ब लावलात लोड म्हणून. मला वाटलं होतं नवीन एसएमपीएस टाकू, सोप्पं काम. पण नवीन एसएमपीएसमध्ये उणे 5 व्होल्टची लाईनच नसते, आणि काही जुन्या आयएसए साउंड कार्डांना ती लागते, शिवाय हे जुने बोर्ड 5 व्होल्टवर जास्त भार टाकतात आणि नव्यांचा सगळा जोर 12 वर. हे मी वाचून आलो होतो, तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात मग जुनाच धरू. लाल वायरवर, म्हणजे 5 व्होल्टच्या लाईनवर, 4.6 येत होते, किमान पावणेपाच तरी पाहिजेत. आतले दोन कंडेन्सर बदलले, पंख्याला तेलाचा थेंब, 5.05. तो आकडा मीटरवर आला तेव्हा तुमच्यापेक्षा मीच जास्त नाचलो.

तरी स्क्रीनवर काही येईना. मी रॅम काढून खोडरबरनं घासत बसलो, सगळे तेच करतात, आणि तुम्ही म्हणालात, "आधी मीटर लाव, मग घास." प्रोसेसरच्या बाजूला कंडेन्सरची जी रांग असते तिथं मीटर डीसीवर लावला तर 2 व्होल्ट बरोबर, 300ए ला तेवढेच लागतात. मी म्हणलं ठीक आहे की मग. तुम्ही काही न बोलता मीटर एसीवर टाकलात. तिथं पण आकडा हलायला लागला, जिथं जवळजवळ शून्य पाहिजे तिथं. म्हणजे व्होल्टेज सरासरी बरोबर, पण थरथरतंय, कंडेन्सर आतून सुकलेत, ते थोपवायला कुणी नाही आणि प्रोसेसर बिचारा चालूच होत नाही. दोन तर वरून फुगलेले होते, डोक्यावरची फुलीसारखी खाच उचललेली, पण बाकीचे दिसायला ठणठणीत, मी असतो तर तेवढे दोनच बदलले असते. तुम्ही सगळी रांग काढायला लावलीत. 1500 मायक्रोफॅरॅड, 105 डिग्रीवाले, लो ईएसआर म्हणजे आतला रोध कमी असलेले, जुने 6.3 व्होल्टचे होते तिथं 10 व्होल्टचे घेतले, व्होल्ट जास्त चालतात, मायक्रोफॅरॅड तेवढेच पाहिजेत.

काढायचं काम खरं अवघड निघालं. कंडेन्सरचा एक पाय सहज सुटायचा, दुसरा सुटायचाच नाही, कारण तो ग्राउंडला आणि बोर्डाच्या आतला तांब्याचा अख्खा थर गरमी ओढून घेतो, साध्या 25 वॉटच्या आयर्ननं तिथलं सोल्डर वितळतच नाही. जोर लावला तर भोकाच्या आतलं तांबंच उपटून येतं आणि मग बोर्ड गेला. तुम्ही आधी जुन्या सोल्डरवर नवीन सोल्डर चढवलंत. काढायचंय आणि वर अजून भरताय, मी बघतच बसलो. पण नवीन मिसळलं की जुनं लगेच पातळ होतं, मग जाड बिटाचं आयर्न टेकवून कंडेन्सर नुसता डुलवत डुलवत बाहेर, ओढायचा नाही. शेवटचे काही तुम्ही मला काढू दिलेत, मागं उभं राहून, हात न लावता. बसवताना उण्याची पट्टी दोनदा बघायला लावलीत आणि बोर्डावरच्या खुणेवर विसंबू नको, काढायच्या आधी फोटो मार म्हणालात. मीटर परत एसीवर, आकडा गप्प. स्पीकर एकदा पीक करून वाजला आणि मेमरी मोजायला लागलं.

मॉनिटरला मात्र तुम्ही मला हात लावू दिला नाही आणि ते बरोबरच. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस हजाराच्या वर व्होल्ट असतात, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये साठून राहतात. तुमच्याकडच्या कोपऱ्यातला तो 15 इंची, गरम झाला की सगळं चित्र मिटून मध्ये एक आडवी पांढरी रेघ. "व्हर्टिकल गेलंय," तुम्ही मागचं झाकण काढायच्या आधीच सांगितलंत, आणि निघालं काय तर व्हर्टिकल आयसीच्या पायांना ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड. एवढ्यासाठी तो किती वर्षं धूळ खात होता. लोक म्हणतात एलसीडी का नाही लावत, तर जुने डॉस गेम 320 बाय 200 चे, एलसीडीवर ते ताणून चिखल होतो, ट्यूबवर कसे दिसायला पाहिजेत तसे दिसतात.

आता मुख्य गोष्ट. स्क्रू शोधताना तुमच्या पत्र्याच्या डब्यातून ते कार्ड निघालं, मागं दोन व्हीजीए तोंडं असलेलं, बंद पडलेल्या कुठल्यातरी सायबर कॅफेचं, आणि तुम्ही म्हणालात "हे दोन तोंडाचं कसलं ते मला कधी कळलं नाही." काका, ते वूडू 2 होतं. 1998 चं, थ्रीडीएफएक्स कंपनीचं, नुसतं थ्रीडीचं काम करणारं कार्ड, साध्या डिस्प्ले कार्डची वायर त्याच्या एका तोंडात आणि दुसऱ्यातून मॉनिटरला. ती कंपनी पण राहिली नाही, 2000 च्या शेवटी एनव्हिडियानं तिचा माल विकत घ्यायचं ठरवलं. आम्ही पोरं तेव्हा या कार्डाचे फोटो मासिकात बघायचो नुसते. आज ऑनलाइन त्याची किंमत काय लागते ते मी तुम्हाला मोबाईलवर दाखवलं, मुद्दाम, नंतर असं नको व्हायला की फुकट घेऊन गेला. तुम्ही चष्मा वर करून बघितलंत आणि "बरं मग, घाल की त्यात" म्हणालात.

घातलं. हार्डडिस्क कटकट करत होती तिच्या जागी आयडीई ॲडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड टाकलं, रॅम 256 केली, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बसचा म्हणजे बोर्डाचा मूळ वेग 66 मेगाहर्ट्झवरून 100 केला, गुणक साडेचारला लॉक आहे त्यामुळं 300 चा सरळ 450 झाला, त्या काळात यासाठीच तो प्रोसेसर गाजलेला. एकदम जुन्या डॉस गेमांना हा वेग उलट जास्त होतो, माणूस पळतच सुटतो, मग बायोसमधून कॅश, म्हणजे प्रोसेसरची झटपट मेमरी, बंद करायची. कॅबिनेट पिवळं पडलंय, पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून पांढरं करतात लोक, मी तसंच ठेवलंय, 1999 चं आहे तर दिसू दे की 1999 चं.

एनएफएस टू एसई ग्लाईडवर, म्हणजे थ्रीडीएफएक्सच्या स्वतःच्या ग्राफिक्स पद्धतीवर, पहिल्यांदा चालू केलं, तोच रस्ता जो लहानपणी ठिगळं ठिगळं दिसायचा तो गुळगुळीत, आणि दादा मागं येऊन उभे राहिले. त्यांनी पण विचारलं नाही उपयोग काय म्हणून. "हप्ते फेडलेले ते हेच ना?" एवढं म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

तर काका, मनापासून आभार. आणि एक काम आहेच. सीडी ड्राइव्हचा ट्रे बाहेर येत नाही, मोटर आत गुणगुणते नुसती, बहुतेक रबरी बेल्ट सैल झालाय. तुमच्याकडं टेपरेकॉर्डरचे बेल्ट असायचे ती बरणी अजून आहे का? असेल तर टाकू नका, रविवारी ड्राइव्ह घेऊन येतो. भडंग आणतो, पण ह्यावेळी ते तुम्हीच खायचं.

तुमचा,
गावभागातला, पीसीवाला