त्या दिवशी फोनवर खोटं बोललो

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

छातीखाली उशी घेऊन पालथा पडून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं येतंय. बसून लिहायचं म्हटलं तर दहा मिनिटांत ठणका सुरू होतो.

त्या दिवशी फोनवर मी तुला सांगितलं की कंबर धरलीय म्हणून रजेवर आहे. ते खोटं होतं. माझं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, आज चोविसावा दिवस. आणि त्याच फोनवर तू आवाज खाली आणून म्हणालास, की तुलाही अधूनमधून रक्त पडतं, उष्णतेनं असेल. तेव्हापासून मला चैन नाही. मीही अकरा वर्षं उष्णताच म्हणत होतो.

तुला माझी नोकरी माहीत आहे. रात्रीची गाडी, बुडाखाली इंजिनाची धग, ढाब्यावरचं तिखट, आणि संडासाला लागली तरी पुढचा स्टँड येईपर्यंत दाबून धरायचं. आधी नुसतं रक्त यायचं, दुखायचं नाही. मग कोंब बाहेर यायला लागले आणि हातानं आत सारावे लागायचे. हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. हायवेवरच्या एका पाटीवर ‘बिना ऑपरेशन कायमची सुटका’ वाचून आत गेलो, इंजेक्शन घेतलं, चार दिवस आगीत बसल्यासारखं झालं. पाच महिन्यांत सगळं पुन्हा सुरू. शेवटी जिना चढताना धाप लागायला लागली. तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. पुरुषाला १३ तरी हवं असतं. थेंबाथेंबानं गेलेलं रक्त होतं ते.

डॉक्टरांनी लगेच चाकू काढला नाही. आधी दुर्बिणीनं आतडं तपासलं. म्हणाले, रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच असणार असं कोणी धरून चालू नये, पन्नाशीच्या आसपास तर नाहीच; आतड्याचा कॅन्सरही असाच रक्त दाखवतो. माझं आतडं स्वच्छ निघालं. तुझंही निघेल, पण बघितल्याशिवाय ते कळणार कसं?

ऑपरेशनचं फार भय बाळगू नकोस. कमरेत सुई देतात, कमरेखालचं सगळं बधिर होतं. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढून दाखवलं: तीन, सात आणि अकरा वाजतात तिथे हे कोंब असतात. ते काढून जखमा टाके न घालता उघड्या ठेवतात, आणि दोन जखमांच्या मध्ये कातडीची पट्टी राखतात, म्हणजे भरून येताना वाट आक्रसत नाही. ही पद्धत १९३७ पासूनची आहे म्हणे. पहिल्या रात्री माझी लघवी तुंबली आणि नळी घालावी लागली. असं बऱ्याच जणांचं होतं, असं सिस्टर म्हणाल्या.

खरी परीक्षा घरी आल्यावर. तिसऱ्या दिवसापर्यंत पोट साफ झालं नव्हतं, आणि मी भीतीनं जेवणच तोडलं. ती माझी मोठी चूक. खाल्लं नाही की मळ खडा होतो. त्या सकाळी कडी लावून आत बसलो तेव्हा काच चिरत जावी तसं झालं. मी भिंतीला कपाळ टेकून रडलो. बाहेर आई उभी होती. तिनं काही विचारलं नाही, नुसतं गरम पाणी काढलं.

त्या पाण्यानंच मला तारलं. प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी, त्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीनदा आणि शौचाला जाऊन आल्यावर पुन्हा. आवळून धरलेला स्नायू सैल होतो आणि ठणका उतरतो. रात्री इसबगोल, पण पेलाभर पाण्याबरोबर आणि वर आणखी पाणी पिऊन. कमी पाण्यात घेतलं तर उलट अडकतं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाची खिचडी, पपई, ताक. शेजाऱ्यांकडून कमोडची खुर्ची आणलीय आणि पायाखाली पाट घेतो. कुंथायचं नाही, मोबाईल घेऊन बसायचं नाही.

नवव्या दिवशी पुन्हा रक्त दिसलं आणि माझे हातपाय गार पडले. डॉक्टर म्हणाले, एक-दोन आठवड्यांनी जखमेवरचा मेलेला पापुद्रा सुटतो तेव्हा थोडं रक्त येतं. थेंब आले तर घाबरू नका, धार लागली किंवा गाठी पडल्या तर रात्री दोनलाही या. मला थेंबावरच निभावलं. पूर्ण भरायला सहा आठवडे तरी लागतील, तोवर गाडीची सीट नाही.

एक गोष्ट तुलाच सांगतो. परवा टब उचलताना आई म्हणाली, ‘तुझ्या बापालाही होतं रे. त्यांची धोतरं मी पहाटे अंधारात धुवायची, कोणाला दिसू नये म्हणून.’ माझे वडील तीस वर्षं हे घेऊन शेतात राबले आणि घरात कोणी एक शब्द काढला नाही. ते उकिडवे बसताना ओठ का आवळायचे, ते मला या वयात कळलं. त्या रात्री झोप लागली नाही. माझी चादर आता बायको भर दुपारी दोरीवर वाळत घालते.

तुझ्यासाठी मी डॉक्टरांशी बोललोय. पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला माझी तपासणी आहे, माझ्यापाठोपाठ तुला बघतील. वहिनींना सांगून ये, सांगणं जड जात असेल तर हे पत्र त्यांच्या हातात दे. बुधवारच्या संध्याकाळच्या गाडीनं निघ, मुक्काम आमच्याकडेच. आईनं तुझ्यासाठी मऊ भात करायचं आत्ताच ठरवून टाकलंय.

पाणी तापलंय, हाक आली. थांबतो.

तुझाच मित्र