मंत्रीसाहेब, ही दोन मांजरं जरा शेजारी शेजारी ठेवून बघा

माननीय दळणवळण मंत्री महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत दोन चित्रं जोडलीयत. म्हणजे चित्र एकच, मित्राच्या मांजराचं, त्याने रेडिओवरून दोनदा पाठवलेलं, एकदा दुपारी आणि एकदा सूर्य मावळल्यावर. दुसऱ्यात मिशा मोजता येतात. पहिल्यात मांजर आहे की उशी यावरून आमच्या घरात वाद झाला. मित्र पंधरा किलोमीटरवर राहतो, त्यामुळे आयनोस्फिअरवर, म्हणजे लांबचे सिग्नल परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थरावर, खापर फोडून मोकळं होता येत नाही (आम्ही हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, पहिलं तेच करतो). मधल्या वेळात बदललं ते एवढंच, शेजारच्या छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर सूर्याबरोबर झोपायला गेला.

आमच्या या प्रकाराला एसएसटीव्ही म्हणतात, स्लो स्कॅन टेलिव्हिजन. नावात टीव्ही असला तरी हलत काही नाही, एक स्थिर चित्र, ते आवाजात बदलून पाठवायचं. १५०० हर्ट्झचा सूर म्हणजे काळं, २३०० म्हणजे पांढरं, मधले सूर म्हणजे मधल्या छटा, आणि दर ओळीला १२०० हर्ट्झचा एक छोटासा टिक, नवी ओळ आली हे कळायला. मार्टिन वन नावाच्या मोडमध्ये प्रत्येक ओळ हिरवी, निळी, लाल अशी तीनदा जाते, अशा २५६ ओळी, एकूण ११४ सेकंद. हो, एका फोटोला जवळजवळ दोन मिनिटं! तेवढ्यात फोनवर ढिगाने फोटो येतात हे मलाही माहितीय, पण फोनला मधे टॉवर लागतो, इथे माझी अँटेना आणि समोरच्याची अँटेना, बास. जागाही फार अडवत नाही, एक माणूस बोलायला जेवढी लागते तेवढीच, तीन किलोहर्ट्झच्या आत.

प्रकार जुनाच आहे. १९५७-५८ च्या सुमारास केंटकी विद्यापीठात शिकणाऱ्या कॉप्थॉर्न मॅकडोनाल्डने हे जमवलं. तेव्हा १२० ओळी आणि आठ सेकंद, आणि बघायला रडारची ट्यूब, कारण तिच्यावरचा उजेड सावकाश विझतो, नाहीतर शेवटची ओळ येईपर्यंत पहिली गायब. आज तेच काम लॅपटॉप नाहीतर फोनवरचं अ‍ॅप करतं.

आता मुद्द्यावर येतो. फोनवर डेटा खराब आला तर फोन तो गुपचूप परत मागून घेतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. एसएसटीव्हीत परत मागणं नाही, कानावर जे पडलं ते कागदावर उतरलं. दूर कुठे वीज पडली तर ओळीवर एक ओरखडा, कोणी मधेच बोललं तर रंगांचा चिखल, सिग्नल दोन वाटांनी आला तर कडा दुहेरी, साउंड कार्डचं घड्याळ थोडं चुकलं की अख्खं चित्र तिरकं. आणि चार्जर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर यांचा कचरा, म्हणजे त्यांच्यातून रेडिओत शिरणारा गोंगाट, तो तर चित्रभर वाळू भुरभुरल्यासारखी. आमच्या सौ. आता चित्र बघूनच विचारतात, कोणी चार्जर लावलाय?

चोर आधी घरातच शोधला. रिग, म्हणजे रेडिओचा सेट, बॅटरीवर घेतली, मेन स्विच पाडला, तर निम्मा गोंगाट गप्प. म्हणजे निम्मे चोर घरचेच. राउटरचा अडॅप्टर निघाला आणि दोन एलईडी दिवे. तो अडॅप्टर उघडला तर आत बोर्डवर हा गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरच्या पार्टची जागा छापलेली, नंबरसकट, पण पार्टच नाही, त्या जागी तारेचा तुकडा ठोकलेला. आता हा माल टेस्टला गेला असेल तेव्हा पण तार होती की पार्ट होता, तुम्हीच सांगा. मी तो बदलला, वायरींना गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या रिंगा घातल्या, दिवे काढले, आणि उरलेल्या निम्म्याची रीतसर तक्रार केली. फोन आला. टीव्ही दिसतो का? दिसतो. मोबाईलला रेंज आहे का? आहे. मग अडचण काय? तक्रार बंद.

गैरसमज नको, मी सोलरच्या विरोधात नाही, शेजाऱ्याशी माझं उत्तम चाललंय, तो बिचारा स्वतः येऊन मांजर बघून गेला आणि त्यालाही उशीच वाटली. त्याने पैसे मोजून दुकानातून माल घेतला, त्याची चूक काय? हा कचरा किती असावा याची मापं ठरवणारी सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय कमिटी १९३४ पासून आहे, वायरीतून बाहेर पडणाऱ्या कचऱ्याची मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत लिहून ठेवलेली आहे, म्हणजे नवीन नियम करा असं मी म्हणतच नाहीये. फक्त टेस्टला कंपनीने निवडून पाठवलेला नमुना नको, दुकानातून गिऱ्हाईकासारखा उचललेला डबा घ्या. आणि तक्रार आली की फोन न करता मोजायचं यंत्र घेऊन माणूस पाठवा.

हे फक्त आम्हा म्हाताऱ्यांच्या मांजरापुरतं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून अशीच चित्रं येतात, १४५.८०० मेगाहर्ट्झवर. स्थानक साधारण ४०० किलोमीटर वर, डोक्यावरून जायला दहाएक मिनिटं, एका चित्राला दोन मिनिटं आणि मधे थांबा, म्हणजे एका फेरीत दोन, फार तर तीन चित्रं पदरात. शाळेतली पोरं हातातली अँटेना फिरवत गच्चीवर उभी असतात, आणि ओळी यायला लागल्या की जो आरडाओरडा होतो तो एकदा ऐकाच. त्याच वेळी बाजूचा एखादा दिवा सिग्नल खाऊन गेला तर त्या पोरांना काय सांगायचं?

आमच्याकडे लपवाछपवी काही नाही, अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला हॅमला आंतरराष्ट्रीय नियमानेच बंदी आहे. १४.२३० मेगाहर्ट्झ लावा, बँड उघडा असला, म्हणजे लांबचे सिग्नल पोचत असले, तर जगभरची चित्रं तुम्हालाही दिसतील.

आपला,
एक हौशी रेडिओवाला

ता.क. मित्र मांजर परत पाठवायला केव्हाही तयार आहे. फक्त अधिकारी पाठवलात तर दुपारी पाठवा, संध्याकाळी आले तर त्यांना काहीच सापडणार नाही.