अमा-लाच्या घरातलं भांडण

नागपूर

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी, शुगर आटोक्यात. लिहितोय ते वेगळ्याच कारणाने.

रविवारी गोठणगावच्या तिबेटी निर्वासितांच्या कॅम्पात गेलो होतो. आपल्या अमा-लाने, त्या तिबेटी आजीने, थुक्पा वाढला, तुझी चौकशी केली आणि तेवढ्यात नातीशी तिचं जुंपलं. नात म्हणजे हुबेहूब तू! टेबलावर हात आपटून म्हणते, "रांगझेन! स्वातंत्र्याच्या खाली काही नको." अमा-ला माझ्या पक्षाची. दलाई लामांनी १९८८ साली स्ट्रासबर्गला चीनच्या अंतर्गत स्वायत्तता मागितली, तिथे तिच्यापुरता वाद मिटला. नात म्हणाली, "२००२ ते २०१० चीनशी बोलण्यांच्या नऊ फेऱ्या झाल्या, हाती काय आलं?" तू असतास तर टाळी दिली असतीस. हॉस्टेलात याच मुद्द्यावर तू आठवडाभर अबोला धरला होतास, आणि डबा मात्र माझाच खायचास!

मी अजून स्वायत्ततेच्याच बाजूचा आहे. पण पुढचं सुचत नाही रे. भिंतीवर पंचेन लामांचा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखाल मान असलेल्या लामांचा, तोच फोटो आहे, लाल गालांचा. १९९५ मध्ये चीनने पोराला उचललं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आज कुठे आहे, जगाला दाखवलेलं नाही. त्याच्या जागी चीनने आपला पंचेन लामा बसवला. उद्या दलाई लामांच्या बाबतीत हेच करणार. जुलै २०२५ मध्ये नव्वदी पूर्ण करताना त्यांनी बजावलंय की पुढचा दलाई लामा ओळखायचा अधिकार फक्त गादेन फोद्रांग ट्रस्टचा, म्हणजे त्यांच्याच संस्थेचा. बीजिंग म्हणतं, आमच्या मंजुरीशिवाय नाही. आज आजी-नात भांडतात, पण दोघीही त्यांच्याच शब्दाला मान देतात. ते नसतील तेव्हा या दोन बाजूंना कोण एकत्र धरून ठेवणार?

त्यात नात कॅनडाला चाललीय. कॅम्पातली तरणी पोरं अशीच निघालीत. अमा-ला १९५९ मध्ये बापाच्या पाठीवर बसून हिमालय उतरली. आजही दरवेळी आरसी, म्हणजे निर्वासितांचा नोंदणी दाखला, नव्याने करून आणते; भारतीय पासपोर्ट घेतला तर परत जायचा हक्क सोडल्यासारखं होईल म्हणते. या हट्टाला मी काय उत्तर देऊ? मला तो बरोबरच वाटतो.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकट्याच्या नोकरीचं कळव.

१० मार्चला, तिबेटी उठावाच्या स्मृतिदिनी, अमा-ला मोर्चाला येणार आहे, गुडघे दुखत असूनही. नात तोवर इथेच आहे. तू ये. तिच्याशी तूच बोल, माझं ती ऐकत नाही.

तुझा,
दिन्या